बर्फाच्या बेटावरची गोफण

ताई, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि माय रोज तोच प्रश्न विचारते. भाकरी थापताना विचारते, ज्वारी निवडताना विचारते, मी शाळेला निघालो की दारात आडवी येऊन विचारते. "बापू, तुले कधीपासून मालूम होतं?" मी चपला घालतो आणि उशीर होतोय म्हणतो. वेळेवर येणारा मास्तर म्हणून केनवडच्या शाळेत माझं कधी नाव नव्हतं. आता शिपायाच्या आधी मी पोचतो.

तू असतीस तर उत्तर द्यायचं काम तुझ्यावर ढकललं असतं. लहानपणापासून माझी सवयच ती. मडकं मी फोडायचं आणि मायसमोर तू उभं राहायचं. या वेळी मडकं तुझं, शब्द तू घेतलेला, आणि मायसमोर मला उभं करून तू निघून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

परवा पुण्यानुमोदनाला लोक जमले होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मग एकेक जण उठून तुझ्याविषयी बोलला. आपल्या वस्तीतून विलायतेला गेलेली पहिली बाई, पंधरा वर्षं परमुलखात नर्स, गावी आल्यावर कुणालाही सुई टोचून द्यायची, वगैरे. सगळं खरं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो आणि पेंग्विनबद्दल बोलत बसलो. लोकांना वाटलं, मास्तराचं दुःखाने डोकं फिरलं. बायकोने मागून सदरा ओढला तेव्हा कुठे खाली बसलो. पण ताई, दुसरं काय सांगणार होतो? जे सांगण्यासारखं होतं ते सगळं त्या जहाजावरच घडलं होतं.

तुझं पत्र आलं तेव्हा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. एकच ओळ ठळक लिहिली होतीस. "बापू, रजा टाक. तुले तुहा धडा दाखवाचा हाये." ध्रुवप्रदेशाचा धडा मी अठरा वर्षं शिकवला आहे, कंदील आणि पेरू घेऊन. पेरूत काडी खुपसायची, पेरू जरा कलता धरायचा आणि कंदिलाभोवती फिरवून सहा महिने दिवस कसा, सहा महिने रात्र कशी ते दाखवायचं. तास संपला की पेरू मी खायचो. तू लिहिलं होतंस की दक्षिणेच्या बर्फाकडे एक लहान जहाज जातं, शंभराच्या आत माणसं नेतं, आणि ती माणसं तिथली जनावरं आणि पाखरं पाहून परत येतात. दोन जागा तू घेतल्याही होत्यास. नवरा नाही, पोर नाही, एवढी वर्षं साठवलेलं या एका गोष्टीवर उधळायला निघालीस. मला वाटलं, ताईला विलायतेचं वारं लागलं. खरं कारण वेगळं असेल असा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

मुख्याध्यापकांकडे बिनपगारी रजेचा अर्ज दिला तर ते म्हणाले, "गुर्जी, बर्फच पाहाचा हाये तं वाशीमले बर्फाचा कारखाना हाये ना." मायने एक शब्द विचारला नाही. जवसाची चटणी कुटली, खारोड्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "तिले खाऊ घालजो. तिकडे तिले कोनी करून देत नसंन."

त्या डब्याने जहाजावर काय मजा केली, आठवतं? दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाच्या बंदरातून आपण निघालो आणि दोन दिवस समुद्राने मला उलटंपालटं केलं. मी बिछान्यात पडून आईबाप, गुरुजन, सगळ्यांची क्षमा मागितली. तू उशाशी तसराळं धरून बसलेली. तिसऱ्या दिवशी पाणी शांत झालं तेव्हा तू मला जेवणाच्या खोलीत नेलंस, उकडलेल्या बटाट्यावर मायची चटणी पेरलीस, आणि शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज जोडप्याने वास घेतला म्हणून त्यांनाही चिमूटभर दिलीस. म्हातारा पाण्याचा पेला शोधत राहिला. म्हातारीने मात्र आणखी मागितली. तू स्वतः दोन घास खाऊन ताट सरकवलंस. मी म्हटलं, "काहून? मायच्या हातचं हाये." तू म्हणालीस, "समुद्रानं भूक मारली." समुद्र त्या वेळी आपल्या गावच्या तळ्याइतका निवांत होता. मी ताटातलं उरलेलं ओढून खाल्लं.

आणि ते पहिलं उतरणं. दोराच्या शिडीवरून रबरी होडीत उतरायच्या आधी मोहिमेच्या म्होरक्याने सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. जनावरांपासून पंधरा फूट लांब राहायचं. हात लावायचा नाही. त्यांची वाट अडवायची नाही. आवाज करायचा नाही. तू मराठीत, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "बापू, हे आपल्याले शिकवाची गरज नाई. पंधरा फूट लांब कसं उभं राहाचं, हे तं आपल्या आजापासून येते आपल्याले." मला राग आला. गावच्या विहिरीची आठवण मला त्या पांढऱ्या स्वच्छ मुलखात नको होती. तुला तिथेही ती चेष्टेत काढता आली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आज त्याचा हेवा वाटतो.

काठावर हजारो पेंग्विन. धड्यातल्या चित्रात एकच होता, तोही छपाईत काळा झालेला. आणि धड्यात वासाबद्दल एक ओळ नाही. आपल्या बाजारातली सुकटाची ओळ उन्हात आठवडाभर तशीच ठेवली तर जो होईल, तो वास. माणसं नाकाला रुमाल लावून फोटो काढत होती. तू एका दगडावर बसलीस आणि एक पेंग्विन डुलत डुलत थेट तुझ्याकडे आला. तू अंग आखडून घेतलंस, नियम होता ना. त्याने तुझ्या बुटाची नाडी चोचीत धरली आणि ओढून पाहिली. तू हसायला लागलीस. हसता हसता डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "पाह्य ना. याले कोनी सांगतलंच नाई." माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुखाचं दृश्य आहे, ताई. एवढं एक मी तुझ्यामुळे पाहिलं, हे तुझं देणं मी मानतो.

तिथेच आपण थांबायला हवं होतं. पण जहाज दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बेटावर गेलं.

तिथे स्कुआ होता. घारीएवढा, तपकिरी, डोळ्यांत भीडमुर्वत नसलेला पक्षी. पेंग्विनच्या वसाहतीच्या कडेला एक राखाडी पिल्लू आईपासून चुकून बाजूला पडलं होतं, अजून नीट चालता न येणारं. स्कुआ दोन पावलं यायचा, टोचायचा, मागे सरायचा. पिल्लू पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. चाळीस शहाणी माणसं कॅमेरे घेऊन पाहत उभी. मी म्होरक्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, म्हणजे नाही.

आपण दोघं मायबरोबर पाटलाच्या ज्वारीत पाखरं राखायला जायचो ते दिवस तू विसरली नसशील. चार खांबांचा माळा, त्यावर माय उभी, हातात गोफण. तिचा एक नियम होता. आधी आवाज, मग दगड. आवाजाने पाखरू उठलं तर दगड कायले? आणि दगड मारायचाच तर पाखराच्या बाजूला, अंगावर नाही. दाण्यावरून उठवायचं, जिवानिशी मारायचं नाही. तुझा आवाज तीन वावरं ओलांडून जायचा. माझा चिरका होता म्हणून मला दगड वेचायचं काम.

त्या बेटावर मी काय केलं ते मला कळायच्या आत होऊन गेलं. तू विणून दिलेला मफलर गळ्यातून काढला, दुहेरी केला, त्याच्या खळग्यात गोटा ठेवला, आणि गरगर फिरवून सोडला. तोंडातून आपोआप निघालं, "होऽऽ हाऽऽ." चिरकाच, पण चांगला मोठा. गोटा स्कुआच्या बाजूला पडला आणि तो उडाला. एक क्षणभर मी पाटलाच्या ज्वारीचा राजा होतो.

मग बाकीचं झालं. माझ्या ओरडण्याने आणि त्या गोट्याने कडेचे सगळे पेंग्विन बिथरले. अंड्यांवर बसलेले उठले आणि एकमेकांवर आदळत पळाले. उघड्या पडलेल्या अंड्यांवर वरून दोन दुसरे स्कुआ उतरले. मी पाहत असताना त्यांनी दोन घरटी रिकामी केली. आणि तो पहिला फिरून आला आणि पिल्लू घेऊन गेला. सगळं मिनिटाभरात.  म्होरक्या जवळ येऊन शांतपणे म्हणाला की उद्या तुम्ही जहाजावरच थांबा. आपल्या शाळेत मी पोरांना वर्गाबाहेर उभं करतो, तसं मला उभं केलं, आणि तेही बरोबरच केलं.

होडीत मी तुझ्याकडे पाहत नव्हतो. तू म्हणालीस, "त्या पाखराच्या घरी बी पिल्लं असतीन ना, बापू. त्याईले कोन खाऊ घालीन?" मी म्हटलं, "तू आता त्याची वकिली करू नको." आपलं भांडण तिथे सुरू झालं. माझं म्हणणं, डोळ्यांदेखत जीव जात असेल तर माणसाने गप्प बसणं पाप आहे. तुझं म्हणणं, पंधरा वर्षं दवाखान्यात काढल्यावर कळतं की हात घालण्यानेही माणसं मरतात. मी म्हटलं, विलायतेने तुझं काळीज गोठवलं.  तो शब्द मला परत घ्यायचा होता. राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सगळे उतरले आणि तू माझ्याबरोबर जहाजावर थांबलीस. मला वाटलं, रुसव्याफुगव्यानंतर ताई भावाच्या बाजूने थांबली. मी भरून पावलो. आपण कठड्याला टेकून उभे होतो. जवळच एक देवमासा वर आला, इतका जवळ की त्याच्या श्वासाचे तुषार आपल्या तोंडावर आले, आणि त्याला सडक्या कोबीचा वास होता. मी नाक मुरडलं. तू नाही मुरडलंस. त्याच्या काळ्या पाठीकडे पाहत म्हणालीस, "माह्यानं ती दोराची शिडी उतरवत नाई आता. पोटातली गाठ पुन्हा आली हाये. एकदा कापून काढली होती. डाक्टर म्हनतात, पुन्हा कापू. मी नाई म्हतलं."

मी काय बोललो होतो? मला आठवतं, मी विचारलं, "मायले मालूम हाये?" म्हणजे तुझ्या पोटातलं सोडून मला आधी मायची भीती वाटली. तू म्हणालीस, "मायले सांगाचं नाई. मले घरी नेजो. दवाखाना नको, नागपूर नको, मुंबई नको. मले मायच्या हातचं खाचं हाये, जेवढं जाईन तेवढं." मी भांडायला तोंड उघडलं. ताई, मी उघडलं होतं. आणि तू म्हणालीस, "कालचं पाह्यलं ना? एक वाचवाले गेला अन् दोन घरं उठवली. हात लावू नको, बापू." माझं तोंड मिटलं. मी शब्द दिला. देवमासा पुन्हा वर आला नाही.

त्या रात्रहीन मुलखात नंतर आपण आणखी सहा दिवस होतो. मी सील पाहिले, निळं बर्फ पाहिलं, सूर्य क्षितिजावरून आडवा चालताना पाहिला, अगदी माझ्या कंदील-पेरूच्या धड्यातल्यासारखा. काहीही दिसलं नाही म्हटलं तरी चालेल.

माघात घरी आलो. माय म्हणाली, "पोरगी सुकली." मी म्हटलं, तिकडची थंडी. उन्हाळ्यात म्हणाली, "जेवत काहून नाई?" मी म्हटलं, आपला उन्हाळा तिला सोसत नाही. खोटं बोलायला मला कारणं कमी पडली नाहीत, मास्तर माणूस मी. तू मायच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचीस, गल्लीतल्या पोरांना पेंग्विनची चाल करून दाखवायचीस, आणि कळ आली की अंगणात जाऊन भिंतीला धरून उभी राहायचीस. मी ओसरीवरून ते पाहायचो. पंधरा फुटांवरून.

एक गोष्ट तुला माहीत नाही. पोळ्याच्या आठवड्यात माय बाजाराला म्हणून गेली ना, ती बाजाराला गेलीच नव्हती. दोन गाड्या बदलून मंगरूळपीरला गेली, दर्ग्यावर फुलांची चादर चढवली आणि मागितलं, पोरीला भूक लागू दे. कंडक्टर माझा विद्यार्थी निघाला, त्याने मला सांगितलं. छप्पन साली आपण दीक्षा घेतली, तेव्हापासून मी घरात नवससायास बंद केलेले. मी तिच्यावर भडकलो. एवढी शिकवण पाण्यात गेली म्हणालो. तिने पदराच्या गाठीतली दर्ग्याची साखर सोडली आणि तुझ्या चहात घातली. आता त्या दिवसाचं मला असं वाटतं, की तिला काहीच माहीत नव्हतं तरी ती साठीपुढची बाई दोन गाड्या बदलून गेली. मला सगळं माहीत होतं आणि मी वर्गात पेरू फिरवत होतो.

आणि आपल्या भांडणातला एक मुद्दा माझ्याकडे उरला आहे. तो मला जहाजावर सुचला नाही. मला वेळेवर काहीच सुचत नाही. स्कुआच्या घरी पिल्लं होती, मान्य. उपाशी राहिली असती, मान्य. पण तुझ्या दुखण्याच्या घरी कोण उपाशी होतं, ताई? तुझ्यासाठी ओरडलो असतो तर कुणाचं घरटं उठणार होतं? याचं उत्तर दे. मी सोळा दिवस वाट पाहतो आहे.

आज रविवार. सकाळी माय म्हणाली, वावरात चल, ज्वारीत दाणा भरला, पाखरं पडून राह्यली. आपली दोन एकरांतली हायब्रीड ज्वारी, कणसं हाताशी आलेली. मी तिला माळ्यावर चढवलं आणि खाली उभा राहिलो. तिने एकदा हाक दिली, पण गळा साथ देत नव्हता. मग वरूनच, माझ्याकडे न पाहता, तिने तोच प्रश्न विचारला. आणि इथे घालायला चपला नव्हत्या, गाठायला शाळा नव्हती.

मी सांगितलं. पेंग्विन, स्कुआ, मफलरची गोफण, उठलेली घरटी, देवमासा, शब्द. तुला दिलेला शब्द मी मोडला. तुला राग आला असेल तर येऊ दे.

मायने सगळं ऐकलं. मध्ये एकदा फक्त विचारलं, "दगड पाखराच्या बाजूनंच मारला ना?" मी हो म्हटलं.  मग म्हणाली, "परक्या पाखराच्या पिलापायी तुनं एवढा गळा फाडला. अन् माह्या लेकीच्या वक्ताले?"

मी म्हटलं, "तिनंच नाई म्हतलं होतं, माय."

"थे म्हनीनच. लहानपनापासून नाईच म्हने थे. दगड राहू दे, बापू. नुसता आवाज तं द्याचा होता."

माझी बाजू मांडू शकेल असं एकच माणूस होतं, ताई. ते तू होतीस. मी माळ्याचा खांब धरून उभा राहिलो. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो त्या बेटावर निघाला होता तोच, चिरका. मी ओरडलो. पुन्हा ओरडलो. ज्वारीवरची पाखरं उठली आणि नाल्यापलीकडे गेली, शेजारच्या वावरातलीही गेली. मी ओरडतच राहिलो. वावरात एकही पाखरू उरलं नव्हतं, तरी माय मला थांब म्हणाली नाही.